पाणंदीत आणखी मुरूम ओतायचा, की काळ्या मातीतच चुना कालवायचा?

गोदाकाठ (परभणी)
आमच्या पाणंदीवर 3 वर्षांत दोनदा मुरूम पडला. आखाड लागला की ट्रॅक्टर पुन्हा रुततोच. मुरूम गेला कुठं? खाली. काळी भिजली की फुगते अन् वरचं सगळं गिळते. उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत हातभर काठी जाते. मग टेकड्या पोखरण्यापेक्षा त्याच मातीत 4 टक्के चुना कालवून दबाई का करू नये? चुन्यानं मातीचा चिकटपणा काही तासांतच कमी होतो, मग कित्येक आठवडे ती घट्ट होत राहते. इंडियन रोड्स काँग्रेसची यावर मार्गदर्शिकासुद्धा आहे. माझं मत: मुरूम बंद, चुना सुरू.

मुरूमवाला (बीड)
दादा, हिशेब करा. 3 मीटर रुंद, 15 सेंमी जाड, 1 किमी लांब म्हणजे 450 घनमीटर. घनमीटरला 1.6 टन धरा, 720 टन माती. तिला 29 टन चुना! सारखा पसरणार कोण? मजूर पाटीनं फेकतो. इथं ढीग, पुढं दहा पावलं काहीच नाही. कळीचा चुना घामेजल्या अंगावर पडला की भाजतो, डोळ्यात गेला तर विचारूच नका. मुरूम किती पडला ते निदान दिसतं तरी.

गोदाकाठ
25 किलोची गोणी जवळजवळ पावलागणिक मांडायची, फोडायची, वर रोटाव्हेटर. गावात दहा रोटाव्हेटर आहेत. ढेकळं मात्र फुटली पाहिजेत, हे मान्य.

धुऱ्यावरची (जालना)
रस्ता तुमचा, शेजारचं रान माझं! आमच्या जमिनी आधीच चुनखडीच्या, पीएच 8 च्या वर. त्यात चुन्याचं पाणी कशाला? आणि हे वाचून कुणी कालव्याखालच्या चोपण रानात (सोडियम साचून बिघडलेल्या जमिनीत) चुना टाकला तर बोंबला. तिथं जिप्सम लागतं. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हटवतं. चुन्यानं पीएच उलट चढतो. सुटलेला सोडियम चरातून बाहेर काढावा लागतो ते वेगळंच.

परळीवाला
औष्णिक केंद्राची राख घाला की चुन्यासोबत. चुना कमी लागेल.

धुऱ्यावरची
राखेत जड धातू असतात भाऊ. पाणंदीला लागून आमची विहीर आहे. तपासल्याबिगर एक पाटीही नको.

रिटायर ओव्हरसिअर (नांदेड)
चुना काम करतो, मी केलंय. पण ताईंनी जिप्समचं नाव काढलं, तेही एक सल्फेटच, म्हणून सांगतो: मातीत सल्फेट जास्त असेल तर चुना घातलेला थरच फुगून वर उचलला जातो. आधी तपासणी.

फुगवटा घरीही कळतो. वाळवून बारीक चाळलेली 10 ग्रॅम माती दोन मोजनळ्यांत घ्या, एकीत पाणी, दुसरीत घासलेट, 24 तास ठेवा. घासलेटात माती फुगत नाही. पाण्यातली तिच्या दीडपटीवर गेली, तर मुरूम गिळणारी तीच.

आणि तुमची पाणंद दोन्हीकडच्या शेतांपेक्षा खाली बसलीय का? मग नाली नसेल तर मुरूम काय, चुना काय, जून-जुलैत ओढाच.

गोदाकाठ
बसलीय, गुडघाभर. नाल्या होत्या, आता त्यावर तूर आहे. घासलेट कुठं मिळतं का बघतो.

मुरूमवाला
चाळणी माझ्याकडून न्या. तुरीचं मात्र धुरेकऱ्यांना तुम्हीच विचारा.