पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापतात, पण विमा नंबर नाही. आमदारांकडे काय मागू?

तुर्भे स्टोअरची ताई:
माझे मिस्टर महापे एमआयडीसीत ठेकेदाराकडे पॅकिंगला आहेत. स्लिपवर ईएसआयची कपात दिसते, विमा नंबर मात्र देत नाहीत. मुलाला दमा आहे. पंप, तपासणी, सगळं खिशातून. महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. महिन्याच्या औषधांचं काय? आम्ही चाळीतल्या बायका आमदारांना निवेदन देणार आहोत. त्यात नेमकं काय लिहू?

ऐरोली, निवृत्त कामगार:
ताई, आधी हक्काचं बघा. ईएसआयला पगाराच्या ०.७५ टक्के कामगाराचे, ३.२५ टक्के मालकाचे. ठेकेदाराने भरले नाहीत तर मूळ कंपनीने भरायचे, कायदाच आहे. नंबर मिळाला की मुलाची रोजची औषधंही त्यात येतात. स्लिपची झेरॉक्स जोडून ईएसआय कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या.
आमदारांकडे मात्र राज्याच्या हातातलं मागा: ईएसआय दवाखाने संध्याकाळी उघडे, औषधांचा साठा कायम. ईएसआयमध्ये येण्यासाठी महिन्याच्या पगाराची २१,००० ची मर्यादा २०१७ पासून तीच आहे. ती केंद्राची, तरी राज्याने पाठपुरावा करावा, हे लिहाच.

वाशी, माथाडी:
आमची मजुरी १९६९ च्या माथाडी कायद्याने माथाडी मंडळातून येते, फंडही तिथेच जमतो. ठेकेदाराच्या पोरांनाही असंच मंडळ मागा. पगार वेळेवर, कपातीची पावती हातात.

तुर्भे स्टोअरची ताई:
मंडळाची मागणी पहिली लिहिते. तक्रार सोमवारी देतो. मिस्टरांना कामावरून काढतील ही भीती आहे, म्हणून त्यांच्या लाइनवरच्या सगळ्यांच्या सह्या घेतोय.