२०१४ची इनोव्हा २.५, रनिंग २ लाख १८ हजार: घ्यावी की सोडावी?

पोवईनाका
नमस्कार मंडळी. कऱ्हाडात एक इनोव्हा बघून ठेवलीय. २.५ डिझेल, जून २०१४चं पासिंग, एमएच-५०, पांढरी प्लेट, दुसरा मालक. मीटरवर २,१८,०००. मागणी ६ लाख ८०. सर्व्हिसचा रेकॉर्ड १,४०,०००पर्यंत शोरूमचा आहे, पुढचं सगळं "आमच्या फिटरकडे". टायमिंग बेल्ट बदललाय असं तोंडी सांगतात, बिल नाही.

घरात सहा माणसं, त्यात आई-बाबा गुडघेदुखीवाले, म्हणून उंच सीटची गाडी हवी. वापर महिन्याला सात-आठशे किमी: पुणे, पंढरपूर, कधी महाबळेश्वर. एवढ्या रनिंगच्या इंजिनात दम असतो का? बघायला जाताना नेमकं काय तपासायचं? आणि दहा वर्षांवरचं डिझेल बंद होणार म्हणतात, त्यात किती तथ्य आहे?

डिझेल_मिरज
आधी बंदीचं. दहा वर्षांचा तो नियम दिल्ली-एनसीआरचा आहे, महाराष्ट्राला लागू नाही. इथे खासगी गाडीचं पासिंग १५ वर्षांचं. म्हणजे ही जून २०२९पर्यंत बिनघोर, पुढे फिटनेस आणि हरित कर भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण.

आता इंजिन. ह्यातलं २४९४ सीसीचं २केडी इंजिन दोन लाखांवर थकत नाही. नीट ऑइल मिळालं तर तीन-चार लाख आरामात काढतं. फक्त त्याची एक खोड आहे आणि तीच तुम्हाला बघायचीय. ह्या इंजिनात नोझल (डिझेल फवारणारे इंजेक्टर) टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, आत बसतात. नोझलखालचे तांब्याचे वॉशर कालांतराने गळायला लागले की जळालेला गॅस बाहेर न जाता थेट ऑइलमध्ये शिरतो. ऑइलमध्ये काजळी साचते, ती खाली चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरते आणि ऑइल पंपाची जाळी बुजवते. जाळी बुजली की क्रँक आणि टर्बोला ऑइल कमी पडतं, आणि एक दिवस इंजिन जाम. वॉशरचा खर्च किरकोळ, त्यापायी होणारं नुकसान अख्ख्या इंजिनाचं. त्यामुळे १,४०,०००च्या पुढे ऑइल किती किमीला बदललं हे मीटरच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं. सुमारे सात लिटर ऑइल लागतं. पैसे वाचवायला वरचेवर नुसतं टॉप-अप करणारे बरेच असतात.

तपासायचं असं. सकाळी लवकर जा आणि मालकाला आदल्या रात्रीपासून गाडी सुरू करू नका म्हणून सांगा. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उठलं पाहिजे. ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. सुरुवातीचं अर्धा मिनिट टॅपेट कव्हरजवळ कान लावा. तिथून छक-छक असा दाबाचा आवाज आला तर वॉशर गळताहेत.

मग ऑइल भरायचं झाकण सैल करून तोंडावर तसंच ठेवा. डिझेलला थोडं थरथरणारच. पण झाकण उडायला लागलं आणि खालून धुराचे झोत यायला लागले तर वॉशर तरी गेलेत नाहीतर पिस्टन रिंगा. त्या झाकणाच्या आतल्या बाजूला घट्ट काळा डांबरासारखा थर असेल तर जाळीची काळजी करा. आणखी एक, गाडी तासभर पळवून आल्यावर आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) ऑइलचा दिवा लुकलुकला तर तिथूनच नमस्कार करून निघा.

धूर: इंजिन थंड असताना थोडा पांढरा चालतो, गरम झाल्यावर नाही. रेस केल्यावर काळा ढग म्हणजे नोझल किंवा ईजीआर (जळालेला गॅस परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह). निळसर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बोचा पाइप काढून आत ऑइल किती साचलंय ते बघा. आयडल वरखाली होत असेल तर डिझेल पंपावरचा एससीव्ही (पंपात डिझेल किती जायचं ते ठरवणारा) व्हॉल्व्ह बहुतेक, तो स्वतंत्र बदलता येतो, लगेच पंप बदलायला तयार होऊ नका. स्कॅनर असलेला फिटर न्या. चारही नोझलची करेक्शन व्हॅल्यू (कॉम्प्युटर त्या नोझलचं डिझेल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) गरम आयडलला वाचायची. एखादं बाकीच्यांपेक्षा फारच वेगळं दिसलं तर ते नोझल खर्चात धरा.

टायमिंग बेल्टचं बिल नसेल तर बदललाच नाही असं समजा. लाख-दीड लाखाच्या दरम्यान त्याचं आयुष्य संपतं, आणि डिझेलमध्ये बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. घेतल्या दिवशी बेल्ट आणि त्याच्या पुल्या (टेन्शनर, आयडलर) बदला, मगच लांब जा.

कृष्णाकाठ
मिरजकरांनी इंजिन सांगितलं, मी पाणी सांगतो. आपल्या भागात हे आधी बघायचं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ह्या दोन पुरांत सांगली-कऱ्हाड पट्ट्यात किती गाड्या पाण्यात गेल्या ते सगळ्यांना माहीत आहे. चिपळूण तर कुंभार्ली घाट उतरलं की आलंच. अशी गाडी धुऊन, सीटकव्हर घालून, अत्तर मारून विकली जाते आणि दोन वर्षांनी वायरिंग त्रास द्यायला लागतं.

सातही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. शेवटची वीतभर पट्टी रिळातच राहते, ती कोणी धूत नाही. तिच्यावर मातकट रेघ दिसली की समजायचं. पुढच्या सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, कार्पेटखालचा फोम दाबल्यावर कुबट वास येतो का ते बघा. ग्लोव्हबॉक्स काढून मागचे कनेक्टर टॉर्चने बघा, पिनांवर हिरवट बुरशीसारखं दिसलं तर व्यवहार थांबवा. कार्पेट एकदम नवं कोरं आणि बाकी आतलं जुनं, ह्याचंही कारण विचारा.

इन्शुरन्सची पॉलिसी मागा. फुल इन्शुरन्स असेल तर नो-क्लेम बोनस वाचा. पाच वर्षं क्लेम नसला की तो ५० टक्के होतो. ० दिसला तर आधीच्या वर्षी क्लेम झालाय किंवा पॉलिसी मध्ये तुटली होती. फक्त बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे दुसऱ्या मालकाच्या बोनसवरून पहिल्याच्या काळातलं काही कळत नाही.

शिवारवाडा
महिन्याला आठशे किमीसाठी एवढं जुनं डिझेल कशाला? त्याच पैशात कमी रनिंगची पेट्रोल अर्टिगा मिळेल, मेंटेनन्स कमी.

डिझेल_मिरज
@शिवारवाडा नुसत्या हिशोबाने बरोबर आहे. दोन गोष्टी मात्र वेगळ्या. हिला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही, त्यामुळे थोड्या रनिंगने फिल्टर चोक व्हायचा प्रश्न येत नाही. ईजीआर तेवढा साफ करत राहावा लागतो. आणि सहा माणसं, सामान, एसी घेऊन पसरणीचा घाट चढताना पेट्रोल अर्टिगाला गेअर पाडत राहावे लागतात. आई-बाबांना अर्टिगाची सीट चालत असेल तर मात्र तुमचाच सल्ला बरा. दोघांना दोन्ही गाड्यांत बसवून बघावं, गुडघ्यांना कळतं.

पोवईनाका
खूप आभार. मालकाशी बोललो. थंड इंजिन दाखवायला तयार आहे, चेंबर उघडू देणार नाही म्हणतो. ट्रायलला साताऱ्यात गाडी आणेल. घाटात काय बघू? आणि कागदपत्रांचं कोणी सांगेल का? आरसीवर अजून बँकेचं नाव आहे.

डिझेल_मिरज
चेंबर नको म्हणणं समजू शकतो, सीलंट तोडून परत बसवावं लागतं. मधला मार्ग असा: ऑइल बदलायची वेळ आलीच असेल, ते तुमच्या खर्चाने तुमच्या फिटरकडे बदला आणि ड्रेन बोल्टच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून जाळी बघा. ह्यालाही नाही म्हणाला तर विचार करा.

ट्रायल यवतेश्वरच्या घाटात घ्या, घरची सगळी माणसं बसवून, दोन्ही ब्लोअर चालू ठेवून. तापमानाचा काटा मधोमध स्थिर राहिला पाहिजे. चढाला हळू चालताना काटा वर सरकतो आणि सपाटीला खाली येतो, तर व्हिस्कस फॅन (रेडिएटरमागचा पंखा) किंवा रेडिएटर. मागच्या रांगेत गार हवा येते का ते मागे बसूनच कळतं. क्लचसाठी चौथ्या गेअरला ४०च्या वेगात पूर्ण रेस द्या. आरपीएम पळाला आणि गाडी नाही, तर क्लच संपला. गेअरमध्ये रेस सोडली-दिली की खालून ठक वाजलं तर प्रॉपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस. ६०-७०ला मागून एकसुरी हूं-हूं आला तर हौजिंग (मागच्या अॅक्सलमधला गेअरचा गोळा) किंवा व्हील बेअरिंग, वळणावर आवाज बदलला तर बेअरिंग. उतरताना एसी बंद, काचा खाली, रेडिओ बंद. लोअर आर्मचे बुश गेले असतील तर खड्ड्यात धडधड ऐकू येईल.

आकड्याची खात्री: शोरूमच्या रेकॉर्डमध्ये १,४०,००० कोणत्या तारखेला लिहिलेत ते काढा. २०२१ असेल तर पुढचे ७८ हजार जुळतात. २०१८ असेल तर मधली वर्षं गाडी काय उभी होती? क्लच आणि ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचं वरचं कातडं बघा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. साइज २०५/६५ आर१५ आहे. सहा वर्षांपुढचे टायर नक्षी असली तरी बदलायचे धरा.

पासिंग_सातारा
बँकेचं नाव उतरवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ लागतो. एनओसी जुनी असेल तर नवी काढायला मालकालाच लावा, कर्ज कधीच फिटलं हे तोंडी चालत नाही. ट्रान्सफरला फॉर्म २९ दोन प्रती आणि फॉर्म ३०, सह्या आरसीवरच्या नमुन्याशी जुळणाऱ्या. सोबत चालू इन्शुरन्स आणि पीयूसी. इन्शुरन्स तुमच्या नावावर करायचा अर्ज ट्रान्सफरपासून १४ दिवसांत टाका. राहून गेला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो.

परिवहनच्या साइटवर नंबर टाकून वाहनाचा प्रकार, मालक क्रमांक आणि ई-चलनं बघा. पाचगणी-महाबळेश्वरकडे टुरिस्टला चाललेल्या पिवळ्या प्लेटच्या गाड्या नंतर खासगी करून विकल्या जातात. त्यात बेकायदा काही नाही, पण रनिंग आणि किंमत दोन्ही वेगळी धरावी लागते. चेसिस नंबर कागदावर नाही, फ्रेमवर वाचा. आजूबाजूला वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग दिसला तर फिटरला दाखवा. हाय सिक्युरिटी प्लेट बसलीय का तेही बघून घ्या, नाहीतर ते काम तुमच्या गळ्यात पडेल.

डिझेल_मिरज
किमतीचं राहिलं. ट्रायलनंतर बेल्ट किट, नोझल वॉशर, जाळी सफाई, टायर, क्लच ह्यातलं जे जे निघेल त्याचं लेखी कोटेशन तुमच्या फिटरकडून घ्या आणि तोच कागद मालकासमोर ठेवा. "थोडं कमी करा"पेक्षा त्याला जास्त वजन असतं. बेल्ट आणि वॉशर तर निघो न निघो, वजा कराच. वर साठ-सत्तर हजार हाताशी ठेवून जमत असेल तर घ्या. ६ लाख ८० हीच तुमची शेवटची उडी असेल तर ही गाडी तुमच्यासाठी नाही.

पोवईनाका
रविवारी सकाळी सातला कऱ्हाडला जातोय, फिटर आणि स्कॅनर घेऊन. नोझलच्या व्हॅल्यू इथे टाकतो, बघून सांगा.

डिझेल_मिरज
टाका. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, एसी बंद ठेवून वाचा, आणि चारही आकडे सिलिंडरच्या क्रमाने लिहा.