कणापेक्षा सीमा बघा
बरेचदा म्हटलं जातं की मिश्रधातूतले बारीक कण म्हणजे कचराच, धातू जितका शुद्ध तितका चांगला. पोलादाबाबत यात तथ्य आहे. आपल्या लोकलच्या बेअरिंगमध्ये अ‍ॅल्युमिनाचा (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा) कठीण कण राहिला, तर तडा बहुधा तिथूनच सुरू होतो.

पण कणाइतकीच त्याच्याभोवतीची सीमाही महत्त्वाची. शिसं एरवी ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. वितळलेलं मिश्रण झपाट्याने गोठवून तेच शिसं अ‍ॅल्युमिनियमच्या आत नॅनोमीटर आकारात अडकवलं, की दोघांच्या अणूंच्या ओळी एकाच दिशेने लागतात आणि ३२७ च्या वर जाऊनही ते घनच राहतं. याउलट दोन्ही पावडरी बॉल मिलमध्ये (कठीण गोळ्यांच्या फिरत्या पिंपात) दळल्या, तर सीमा अस्ताव्यस्त होते आणि शिसं ३२७ च्या आधीच वितळतं. धातू तेच, कणही नॅनो आकाराचेच! वितळणं सीमेपासून सुरू होतं, म्हणून हा फरक. पवईला आयआयटीत धातुशास्त्र शिकताना हे वाचून मी अक्षरशः थक्क झाले होते.

विमानाचं ड्युरॅल्युमिन, म्हणजे तांबं मिसळलेलं अ‍ॅल्युमिनियमसुद्धा, अशाच सूक्ष्म रचनांमुळे कडक होतं. जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्मला हे कडक होणं १९०६ मध्ये आढळलं. त्यामागचे तांब्याच्या अणूंचे पुंजके गिनिए आणि प्रेस्टन या शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांनी दाखवले ते थेट १९३८ मध्ये.