जर्सीची ऑफर – शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे

प्रेषक: दिवाडकर

मंडळी, धाकट्या मुलाचं जर्सीचं, म्हणजे इंग्लंड-फ्रान्सच्या मधल्या बेटावरच्या नोकरीचं, पत्र एकदाचं आलं. हॉटेल तेच, ज्याबद्दल माईंनी मागे विचारलं होतं. कॉमी शेफ, म्हणजे शिकाऊ आचारी, खोली हॉटेलची, भाडं पगारातून कापणार. एजंट म्हणतो शुक्रवारपर्यंत होकार आणि दोन लाख द्या. इकडे आजोबांची जन्मनोंद सापडली आहे, 1938 ची, म्हणजे पोर्तुगीज नागरिकत्वाचं कामही पुढे सरकेल. आता कामाच्या परवान्यावर जाऊ दे, की थांबून पोर्तुगीज पासपोर्टवरच पाठवू? सूनबाईला नेता येईल का? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा. गणेशचवथीच्या माटोळीचं (गणपतीवरच्या फळापानांच्या मांडवीचं) सामान वगैरे दुसऱ्या मेलवर बोलू.

प्रेषक: नाना, मडगाव

थांबा. परवान्याच्या भानगडीत पडूच नका. माझा मेहुणा 2014 साली पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला गेला, कुणी काही विचारलं नाही, आठवड्याभरात गोदामात कामाला लागला. पोर्तुगीज म्हणजे युरोप उघडा. जर्सी काय, लंडन काय, सगळं एकच. ह्या विषयावर मी मंडळाच्या मेल-यादीवर पूर्वीही सविस्तर लिहिलं आहे, जुनी मेल काढून वाचावी.

प्रेषक: तात्या, सेंट हेलियर

नाना, 2014 गेलं. मग ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं. 2020 संपण्याआधी जे पोर्तुगीज इथे जर्सीत राहत होते त्यांना 30 जून 2021 पर्यंत अर्ज करून राहता आलं. आज पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन उतरलेल्या माणसाला कामाचा परवाना तसाच लागतो, जसा भारतीय पासपोर्टवाल्याला. लिस्बनला, पॅरिसला जा, तिथे उपयोग आहे. इथे नाही. आणि जर्सी म्हणजे लंडन नव्हे. राजा एक, पण कायदे इथल्या सभागृहाचे. तिकडच्या कामाच्या व्हिसावर इथे काम करता येत नाही.

दिवाडकर, खरी गोम पुढे आहे. इथे दारं दोन. पहिलं इमिग्रेशनचं: परवाना हॉटेल काढतं आणि तो त्या हॉटेलशीच बांधलेला असतो. मालक बदलायचा तर नवा मालक शोधा, नवा परवाना काढा. दुसरं दार बेटाचं स्वतःचं, 2012 च्या कायद्याचं. प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. धाकट्याच्या कार्डावर ‘रजिस्टर्ड’ असेल. म्हणजे त्याला नोकरीवर ठेवायला हॉटेलकडे तेवढ्या जागांची मंजुरी हवी, आणि बाहेर घर बघायला गेला तर बहुतेक घरं त्याला भाड्याने मिळणारच नाहीत. पाच वर्षांनी काम कुठेही करता येतं. घर मोकळेपणी घ्यायला दहा वर्षं. हे लंडनहून आलेल्या गोऱ्यालाही लागू आहे बरं का. ‘क्वॉलीज’, म्हणजे हे हक्क, मिळाले का, असं इथे एकमेकांना विचारतात, आपल्याकडे लग्न ठरलं का विचारतात तसं.

म्हणून पगार बघू नका, खोली बघा. माझ्या ओळखीचा एक पोरगा स्वयंपाकघराच्या वरच्या माळ्यावर राहायचा. खोलीत पलंग दोन, माणसं तीन. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच गादीवर. फ्रिजमध्ये प्रत्येकाच्या डब्यावर नाव लिहिलेली चिकटपट्टी, तरी दूध नाहीसं व्हायचं. हे चालतं. पण शेफशी भांडण झालं आणि नोकरी गेली, तर खोलीही त्याच दिवशी जाते. हंगामाच्या मध्यात बॅग घेऊन सेंट हेलियरच्या बसस्टँडवर उभं राहणं म्हणजे काय, ते मी बघितलं आहे.

प्रेषक: साखळीच्या वहिनी

तात्यांनी सूनबाईचं सांगितलंच नाही. आमच्या घरी तीन तारवटी (बोटीवर काम करणारे), त्यामुळे दहा-दहा महिने नवरा नसणं म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. बोट निदान परत येते हे ठाऊक असतं. तिला नेता येत नसेल तर आधी तिला विचारा. तिचं मत काय आहे? सासरे लिहितात, नाना लिहितात, तिची एक ओळ नाही.

प्रेषक: तात्या, सेंट हेलियर

वहिनी, बरोबर. हॉटेलच्या तात्पुरत्या परवान्यावर बायकोमुलं आणता येत नाहीत. नर्स, हिशेबनीस अशांची गोष्ट वेगळी, त्यांना ‘लायसन्स्ड’ कार्ड मिळतं, घरही घेता येतं. बेटाला जो हवा असतो त्याला दार मोठं.

प्रेषक: सां मातियसचा शेजारी

हे सगळं वाचून कुणाला राग आला असेल तर जरा आरशात बघा. आपल्या दिवाडी बेटावर भाड्याने खोली मागायला आलेल्या बिहारच्या गवंड्याला आपण काय विचारतो? आधार दाखव, पोलीस ठाण्यात फॉर्म भर, बायको आणू नकोस, मुलं आणू नकोस. पूल झाला की दिल्लीवाले जमिनी घेतील, म्हणून पूल नको म्हणणारे आपल्या वाड्यावर थोडे आहेत का? जर्सीवाल्यांनी निदान कायद्यात लिहून ठेवलं, किती वर्षांनी काय मिळेल ते. आपल्याकडे तीस वर्षं राहिलेला पोदेरसुद्धा (पाववालासुद्धा) भायलो, म्हणजे बाहेरचाच.

प्रेषक: नाना, मडगाव

जमीन विकतं कोण? भायले विकतात का? आपल्याच लोकांनी पैसे मोजून घेतले आणि मग ओरड. आणि स्थलांतराचं म्हणाल तर दिवाडीचा सप्तकोटेश्वरच नदी ओलांडून नार्व्याला गेला. 1668 साली शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ बांधून घेतलं. त्याला कुणी विचारलं का, तुझी दहा वर्षं भरली का म्हणून?

प्रेषक: तात्या, सेंट हेलियर

देवाला भाड्याची खोली लागत नाही, नाना. हे बेट 118 चौरस किलोमीटरचं, माणसं लाखाच्या वर. घरभाडं ऐकलंत तर चहा खाली ठेवाल. इथल्या लोकांशी बोलताना मला तिरस्कार फार कमी दिसला. आपल्या पोरांना इथे घर परवडणार नाही, ही भीती मात्र घरोघरी आहे. मादेइराचे पोर्तुगीज इथे हंगामापुरते बटाटे काढायला आणि हॉटेलात कामाला यायचे. त्यांची नातवंडं आता इथलीच आहेत, आणि नव्यांबद्दल सगळ्यात कडक तीच बोलतात.

प्रेषक: चिटणीस

ही यादी मंडळाच्या कामकाजासाठी आहे ह्याची नम्र आठवण. पूल, जमीन, पोदेर हे विषय इथे नकोत. चवथीच्या वर्गणीला अजून उत्तरं आलेली नाहीत. दिवाडकरांचा प्रश्न निकडीचा आहे म्हणून तेवढाच चालू द्यावा.

प्रेषक: फोंड्याचे वकील

तेवढ्याच प्रश्नावर. एजंट परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवतो ना? मग त्याच्याकडे 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखालचं नोंदणीपत्र हवं. तसं असलं तरी उमेदवाराकडून घ्यायची फी 30,000 रुपये अधिक जीएसटी, त्याच्या वर एक पैसा नाही. दोन लाख कसले? परवाना हॉटेलने काढायचा असतो, मग तो खर्च धाकट्याने का सोसावा? नंबर मागा आणि ई-मायग्रेट ह्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः तपासा. पोर्तुगीजबद्दल: आजोबा 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेले, तेव्हा नातवापर्यंत हक्क पोचतो. पण पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व गेलं. ओसीआय (परदेशस्थ भारतीयाचं कार्ड) मिळालं तरी शेतजमीन विकत घेता येणार नाही. वारसाने येईल तेवढीच. तुमची खाजनातली (खाडीकाठच्या बांधाआडची) दोन शेतं अजून वाटणीत अडकली आहेत ना? ते आधी निस्तरा.

चिटणीसांना: माझी वर्गणी जूनमध्येच दिली आहे.

प्रेषक: दिवाडकर

नंबर मागितला. एजंटसाहेबांचा फोन कालपासून बंद. हॉटेलला थेट मेल लिहायची ठरवली आहे. सूनबाई म्हणते, तो गेला तर मी माझी म्हापशाची बँकेची नोकरी सोडणार नाही, आणि दोन वर्षांच्या वर थांबणारही नाही. वहिनी, मिळालं उत्तर? तात्या, हॉटेलला नेमकं काय विचारू?

प्रेषक: तात्या, सेंट हेलियर

परवाना काढायची तयारी खरंच तुमचीच का, आणि कुठल्या नावाने. रजिस्टर्ड माणूस ठेवायची मंजुरी आज हातात आहे की मागायची आहे. खोलीत किती जण, आठवड्याला किती कापणार, नोकरी सुटली तर खोली किती दिवस. हंगाम संपल्यावर काम आहे का. पहिले सहा महिने डॉक्टरची फी पूर्ण खिशातून जाते, त्याचं काय. ह्यातल्या खोलीच्या प्रश्नाला गोलमाल उत्तर आलं तर मला कळवा, हॉटेल माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. रविवारी जाऊन मागच्या दाराने बघून येतो.