चिमुकला रंगीत तुडतुडा: जात कशी ओळखावी?

पानोपानी: साधारण ३.५ मिमी. अंग दुधी, पंखांवर तांबडे नागमोडी पट्टे. पोटाच्या एका बाजूला काळसर फुगवटा आहे, बहुधा घाण चिकटली असावी. ॲप 'एरिथ्रोन्यूरा' (तुडतुड्यांची एक प्रजाती, म्हणजे जातीच्या वरचा गट) सांगतंय. जवळ मोबाइल आणि १० पटीचं भिंग आहे, नवं काही घ्यायचं नाही. कीटक जिवंत आहे आणि मारायचा नाही. एवढ्यावर जात कळेल का? दुर्मिळ असावा असं वाटतं.

सहापाय: आधी तुडतुडाच आहे ना ते बघा. मागच्या नडगीवर काट्यांच्या लांब रांगा असल्या तर तुडतुडा. एकदोनच जाड काटे आणि टोकाला काट्यांचं कडं असेल तर फेस करणारा किडा. टोकाला हलणारी आर (मोठा काटा) आणि मिशा डोळ्यांखाली असतील तर प्लँटहॉपर, म्हणजे तुडतुड्यासारखाच दिसणारा दुसऱ्या गटातला किडा. ॲपवर विसंबू नका, ज्याचे फोटो जास्त तेच नाव ते पुढे करतं.

भिंगधारी: १० पटीच्या भिंगाने काही होणार नाही, ४० पटीचा स्टिरिओ मायक्रोस्कोप घ्याच. एवढा लहान म्हणजे बहुधा टायफ्लोसिबिनी उपकुळातला असावा. त्यात जमात (उपकुळाखालचा गट) मागच्या पंखाच्या शिरांवरून ठरते आणि जात नराच्या जननेंद्रियावरून. पोटाचं टोक कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवा, पाण्याने धुवा, ग्लिसरीनच्या थेंबात बघा. जास्त वेळ राहिलं तर सगळं इतकं पारदर्शक होतं की कडाच दिसत नाहीत.

शिवारकरी: तुडतुडे रस शोषतात. ५ टक्के निंबोळी अर्क फवारा.

सहापाय: @शिवारकरी, प्रश्न ओळखीचा आहे. शिवाय या उपकुळातले बहुतेक तुडतुडे पेशींमधला हिरवा गर खातात, म्हणून पानावर बारीक पांढरे ठिपके उठतात. @पानोपानी, झाड कोणतं ते लिहा. कित्येक जाती एकाच झाडाला धरून असतात.

कुपीबंद: ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाका, नंतर सावकाश बघता येईल.

भिंगधारी: अजिबात नको! अल्कोहोलमध्ये तांबडा-पिवळा रंग उडतो. फ्रीझरमध्ये मारून कार्डाच्या त्रिकोणी टोकावर उजव्या कुशीने चिकटवा.

हिरवळ: वर सांगितलंय तेच, नडगीचे काटे बघा. रंगीत दिसला म्हणून लगेच दुर्मिळ म्हणू नये. एकाच जातीत पट्टे गडद-फिके असतात आणि नुकती कात टाकलेला तर फिकटच दिसतो.

सोंडकिडा: न मारता फोटो हवेत तर कुपी ५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, आत टिश्यूचा तुकडा घाला, नाहीतर काचेवर दव धरतं. वरून, समोरून, बाजूने आणि काचेतून पोटाकडून, असे चार फोटो घ्या. शेजारी मिमीची पट्टी ठेवा. पोटाच्या टोकाला लांब चीर आणि अंडी घालायची नळी दिसली तर मादी, दोन पाती दिसली तर नर. त्या 'घाणी'चा फोटो आवर्जून द्या.

पानोपानी: फोटो जोडले. पोटाखाली ना चीर नीट दिसते ना पाती. फुगवटा पुसून जात नाही, दोन वळ्यांच्या मधून बाहेर आलाय.

सोंडकिडा: ती ड्रायिनिड या परजीवी गांधीलमाशीच्या अळीची पिशवी आहे. अशी अळी पोसणाऱ्या तुडतुड्याची जननेंद्रियं खुंटतात, कधी रंगही बदलतो. म्हणूनच तुम्हाला नर-मादी कळेना. पोट कापूनही जातीची खात्री होणार नाही.

भिंगधारी: मान्य, पिशवी माझ्या नजरेतून सुटली. तरी अळीने पोखरायच्या आत फ्रीझरमध्ये ठेवा, पंखांच्या शिरा तरी हाती लागतील.

पानोपानी: नको. बरणीत २ सेंमी ओलसर माती घातली, देठ ओल्या कापसात धरून त्याच झाडाची फांदी ठेवली, वर मलमल बांधून तुडतुडा आत सोडलाय. अळी मातीत उतरून कोष करते का ते बघतो. तुडतुड्याची नोंद उपकुळापर्यंतच ठेवतो. त्या झाडावरचे निरोगी तुडतुडे दिसले की चारही बाजूंचे फोटो टाकतो.