'राइज' डिस्कोमुळे नाही, वेग कमी केल्यामुळे चाललं

अमेरिकन ट्रम्पेटवादक हर्ब अल्पर्टचं 'राइज' हे शब्दांविना, फक्त वाद्यांवरचं गाणं नुसतं डिस्कोच्या लाटेवर तरलं असं म्हटलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. उलट ते डिस्कोच्या वेगाने वाजवलंच नाही म्हणून टिकलं. आधी ते नेहमीच्या डिस्कोसारखं फास्टच करायचं होतं, पण ड्रमर स्टीव्ह शेफरने सुचवलं की वेग खाली आणा, मिनिटाला शंभर ठोक्यांच्या आसपास, लोकांना निवांत नाचता आलं पाहिजे. आणि तिथेच सगळा फरक पडला, कारण वेग उतरल्यावर अब्राहम लाबोरिएलच्या बेस गिटारला मोकळी जागा मिळाली, ट्रम्पेट वर सावकाश तरंगत राहतो आणि खरं गाणं खाली बेसच म्हणत असतो. ऑक्टोबर १९७९ मध्ये हे बिलबोर्ड हॉट १०० वर, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, एक नंबरला गेलं, तेही एक शब्द न गाता. हाच अल्पर्ट १९६८ मध्ये गायक म्हणूनही एक नंबरला होता, हे किती भारी आहे!

आता या गाण्याच्या पुढच्या प्रभावाबद्दल सांगतो, १९९७ चं रॅपर नोटोरियस बीआयजीचं 'हिप्नोटाइझ' याच बेसवर उभंय. मार्चमध्ये त्याचा खून झाला आणि मे महिन्यात गाणं एक नंबरला पोचलं, म्हणजे एकच बेसलाइन अठरा वर्षांच्या अंतराने दोनदा टॉपला. मी बेस शिकत होतो तेव्हा ही लाइन आधी 'हिप्नोटाइझ' म्हणूनच बसवली होती, मूळ गाणं नंतर ऐकलं आणि त्या रात्री तेच लूपवर लावून बसलो. हेडफोन लावून फक्त बेस ऐका एकदा.