रि: रि: रि: बाबांची गाडी – एक्स्टेंडेड वॉरंटी (३१ च्या आत उत्तर हवंय)

संग्राम

मंडळी, टायरच्या वेळी जो धुरळा उडाला तो परत नको. घ्यायची की नाही, एवढंच सांगा.

डिझेल ऑटोमॅटिक, बीएस-६, २०२० च्या शेवटची, ३१,००० किमी. पाच वर्षांचं कव्हर ३१ तारखेला संपतंय. पुढच्या दोन वर्षांचे ३८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४४,८४० सांगतायत. बाबांचं चालवणं म्हणजे कोल्हापुरातल्या कोल्हापुरात, नागाळा पार्क ते महाद्वार रोड, नाहीतर शाहूपुरी. फार तर महिन्यातनं एकदा जोतिबा.

अडचण ही की तिसऱ्या वर्षाची सर्व्हिस दोन महिने उशिरा झालीय आणि मधे एकदा ऑइल बाहेर बदललंय. शोरूमचा माणूस फोनवर म्हणतो, ‘काय प्रॉब्लेम नाही सर.’

माधवीताई

‘काय प्रॉब्लेम नाही’ हे ईमेलवर माग. सर्व्हिसची मुदत ‘१२ महिने किंवा अमुक किमी, जे आधी होईल ते’ अशी असते. तुमची गाडी कमी चालते, त्यामुळे तुम्हाला किमी नाही, महिने लागू. दोन महिने उशीर हा क्लेम नाकारायला पुरेसा मुद्दा आहे, आणि तो पैसे घेताना कोणी काढत नाही, गिअरबॉक्स बसल्यावर काढतात. गाडीचा चॅसिस नंबर घालून विचार: ‘ही सर्व्हिस हिस्टरी बघून कंपनीने पॉलिसी मंजूर केली आहे का?’ हो किंवा नाही, लेखी.

दुसरं, रंगीत पत्रक नको, अटींची पूर्ण पुस्तिका माग आणि शेवटच्या पानावर नाव कुणाचं आहे ते बघ. गाडीच्या कंपनीचं असेल तर पुण्यात, बेळगावात कुठंही चालेल. डीलरची स्वतःची स्कीम असेल तर डीलरशिपचा मालक बदलला की संपलं. विमा कंपनीच्या जिवावर चालणारी तिसऱ्याचीच असेल तर सुरुवातीचा वेटिंग पिरियड आणि एका क्लेमची कमाल रक्कम वाच.

बापू

वॉरंटी रद्द करता येत नाही!! अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. बाहेर ऑइल बदललं एवढ्या कारणावरून हात वर करता येत नाहीत. दोष त्या ऑइलनेच झाला हे त्यांनी दाखवायचं.

अण्णा

बापू, गाडी कोल्हापुरात आहे. तिथं तुमच्या कायद्याला कोण विचारतंय?

आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड केला आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट घालू नका असं सांगितलं, हे खरं. पण कंपन्या अपिलात गेल्या. शिवाय एक्स्टेंडेड वॉरंटी हा वेगळे पैसे देऊन केलेला करार आहे, त्यात सर्व्हिसची अट तुम्ही सही करून मान्य करता. ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंत फी पण नाही, पण तोवर गाडी कुठं उभी राहणार?

संग्राम, त्या ऑइलचं बिल शोध. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या डिझेलला कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर बहुतेक सी३ किंवा सी२ असं लिहिलेलं असतं. मॅन्युअलमधला ग्रेड आणि बिलातला ग्रेड जुळला तर वाद घालायला तोंड आहे. साधं ऑइल असेल तर त्याची राख फिल्टरमध्ये बसते आणि काजळीसारखी जळून जात नाही.

आता मूळ हिशोब. इथल्या लोकांना सवय आहे पार्ट गेला की नवा पार्ट. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे वर्कशॉपच्या वस्तीत, तसं नाही. टर्बो गेला तर आतला कोअर बदलून, बॅलन्स करून मिळतो. नुसत्या पात्या काजळीने अडकल्या असतील तर साफ करून चालू. इंजेक्टर बेंचवर लावून रिटर्न (परत येणारं डिझेल) किती येतंय बघतात, नोझल-व्हॉल्व्ह बदलतात. अल्टरनेटर, स्टार्टर, बेअरिंग, रेडिएटर ही तर तिथली रोजची कामं. यासाठी ४५ हजार आगाऊ द्यायची गरज नाही.

उद्यमनगरात सहज होत नाही ते इलेक्ट्रॉनिक्स. इंजिनचा ईसीयू (कंट्रोल कॉम्प्युटर), ब्रेकचं एबीएस मोड्युल, पॉवर स्टिअरिंगची मोटर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा व्हॉल्व्ह बॉडी (गिअर बदलणारा भाग). पार्ट मिळाला तरी गाडीला ओळख करून द्यायला शोरूमचा स्कॅनर लागतो. पुस्तिकेत ही चार नावं शोध. चारही असतील तर पैसे वाया नाहीत. ‘इंजिन व ट्रान्समिशनचे यांत्रिक भाग’ एवढंच असेल तर सोड.

वैशाली

अण्णांनी डीपीएफ काढलाच आहे म्हणून. या गाडीचा खरा धोका तोच आहे आणि वॉरंटी त्याला उपयोगी नाही. महाद्वार रोडला इंजिन गरम व्हायच्या आत गाडी बंद होते. काजळी साठते, जाळायला जादा डिझेल सोडलं जातं, मधेच इंजिन बंद केलं की ते डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर समजायचं. चोंदलेला फिल्टर ‘चालवण्याच्या पद्धतीमुळे’ म्हणून क्लेममधून बाहेर काढतात, सेन्सर गेला असेल तरच काही आशा.

उपाय फुकटचा आहे. पंधरा दिवसांतनं एकदा हायवेने किणी टोलनाक्यापर्यंत जाऊन परत, सलग वीस मिनिटं तरी साठच्या वर, गिअर एक खाली ठेवून. सहापदरीचं काम चालू असेल तिथं वेग मिळत नाही, त्यामुळे रविवारी पहाटे. जोतिबाचा चढ-उतार यात धरू नका.

बापू

आणि पुराचं काय? नागाळा पार्क आहे.

माधवीताई

पुराचं पाणी कुठल्याच वॉरंटीत नाही बापू. तो विम्याचा विषय, त्यातही ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कव्हर वेगळं घ्यावं लागतं आणि गाडीचं वय वाढलं की ते द्यायला कंपन्या काचकूच करतात. २०१९ आणि २०२१ दोन्ही बघितलेल्या भागात राहायचं तर संग्रामने आधी ते रिन्यू होतंय का बघावं. वॉरंटी नंतर. आणि पाणी शिरलं तर स्टार्टर मारायचा नाही, हे बाबांना आत्ताच सांगून ठेव. सिलिंडरमध्ये पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग इंजिन प्रोटेक्ट नसेल तर विमावालेही हात झटकतात.

खजिनदार

वार्षिक वर्गणीचा मेल याच्या खाली दबला. कृपया गाडीचा विषय गाडीच्याच मेलवर ठेवा आणि ‘सर्वांना उत्तर’ जपून दाबा. (उंदरांनी वायरी कुरतडल्या तर तेही वॉरंटीत नसतं, कोणीच लिहिलं नाही म्हणून.)

संग्राम

ऑइलचं बिल मिळालं, सी३ आहे. शोरूमने ईमेलला उत्तर दिलेलं नाही, फोन मात्र रोज येतो. पुस्तिकेत ईसीयू आणि स्टिअरिंग आहे, एबीएस नाही, व्हॉल्व्ह बॉडीचं नाव कुठंच नाही. ब्रेक पॅड, वायपर, बॅटरी, रबरी बुश सगळं वगळलेलं.

अण्णा

मग सोड. ४५ हजार वेगळ्या खात्यात टाक.

माधवीताई

सोडायची तर सोड, पण ३१ च्या आत गाडी आत घाल. आहे त्या कव्हरमध्ये जे निघेल ते काढून घ्यायचं. जॉब कार्डवर ‘जनरल चेकअप’ लिहू देऊ नकोस, तक्रारी एकेक करून लिहायला लाव: थंड असताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला झटका, एसीचा गारवा उभ्या गाडीत कमी होणे, स्टिअरिंग फिरवताना आवाज, इंजिनखाली ऑइलचा ओलावा. जे खरंच आहे तेवढंच. सगळ्या मोड्युलचं स्कॅन आणि त्याची प्रिंट माग, बिघाडाचे लपलेले कोडही त्यात येतात. मुदतीत लेखी नोंदवलेली तक्रार नंतर पार्ट यायला उशीर झाला तरी जुन्याच कव्हरमध्ये धरायला लावता येते. तोंडी सांगितलेली नाही.

आणि उघडून बघायचे पैसे कोणाचे, हे खोलायच्या आधी विचार. क्लेम नाकारला तर ती मजुरी गिऱ्हाइकाच्या माथी मारतात.

संग्राम

गुरुवारची वेळ घेतलीय. बाबा म्हणतात झटका येतो, पण फक्त सकाळी.

माधवीताई

मग गाडी बुधवारी रात्रीच तिथं ठेवायला सांग. गुरुवारी सकाळी थंड इंजिनवर त्यांच्याच माणसाला चालवू दे, बाबा शेजारी बसतील.